शनिवारी पाच वाजता

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. तुझ्या वाचनालयाच्या कमिटीनं सांगितलंय, यंदा वाचन प्रेरणा दिनाला ‘काहीतरी वेगळं’ करा. तू खर्चाचं विचारलंस तर अध्यक्ष पंख्याकडे बघायला लागले आणि सचिव मोबाईलकडे. वर एक सदस्य म्हणाले, आपण आपल्या गावाचं भिलार करू! मी हसले म्हणून रागावलीस, पण हसू नको तर काय करू? भिलार मलाही आवडतं. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं गाव, ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं, लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या करून दिल्या. पण त्यामागे सरकार उभं होतं आणि पर्यटक हाकेच्या अंतरावर होते. तुझ्यामागे दार न लागणारं एक पत्र्याचं कपाट आहे आणि एक शिपाई.

त्या शिपायाबद्दलच मला बोलायचंय. पण आधी माझी फजिती ऐक.

नोकरीला लागले त्या वर्षी ग्रंथालय सप्ताहात मी दणक्यात कार्यक्रम केला. ग्रंथदिंडी, पालखीत ज्ञानेश्वरी, शाळेच्या मुली नऊवारीत, भाड्याच्या खुर्च्या, शाल-श्रीफळ, आणि जिल्ह्याहून आणलेले वक्ते. वक्ते दीड तास ‘वाचनसंस्कृतीचा ऱ्हास’ या विषयावर बोलले. कुणापुढे? तर जे नेमानं वाचतात म्हणून तिथे आले होते त्यांच्यापुढे! बिचारे खाली मान घालून ऐकत होते, जणू ऱ्हास त्यांनीच केला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, कमिटी खूश. मी देवघेव रजिस्टर उघडलं. आदल्या सोमवारी जेवढी पुस्तकं गेली होती तेवढीच या सोमवारी गेली होती, आणि नेणारी माणसंही तीच. मंडपवाल्याचं बिल मात्र तीन महिने माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होतं.

तेव्हापासून कार्यक्रम ठरवायला मी आधी ते रजिस्टर उघडते. तूही उघड. मागच्या दोन वर्षांची पानं चाळ आणि कोण येतंय ते बघू नकोस, कोण यायचं थांबलंय ते बघ. माझ्याकडे दिसलं ते असं : सातवीपर्यंत धडाधड पुस्तकं नेणारी मुलं आठवीत गडप होतात. बायकांच्या नावावर पुस्तकं जातात, पण बाई स्वतः कधी दारात येत नाही, पोराच्या हाती चिठ्ठी येते, “कुठलीही एक कादंबरी द्या, वाचलेली नको.” पेपरवाले आजोबा रोज येतात, पण वाचनकक्षातून उठून कपाटापर्यंतची दहा पावलं कधी चालत नाहीत. आणि अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं तर आपल्याच छपराखाली बारा-बारा तास बसतात, पण आपलं एक पुस्तक उघडत नाहीत. ही तुझी खरी कार्यक्रमपत्रिका.

बायकांसाठी मी काय केलं सांगते. त्या येत नाहीत तर आपण जायचं, एवढंच. बचत गटाची बैठक असते त्या दिवशी बारा पुस्तकं पिशवीत घालून मी तिथे जाऊन बसते. हप्त्यांचा हिशेब झाला की पिशवी उघडते. पहिल्या वेळी कमिटीतले एकजण म्हणाले, ग्रंथपालानं भाजीवालीसारखं दारोदार फिरायचं का? मी त्यांना सयाजीराव महाराजांची गोष्ट सांगितली. बडोद्याच्या महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावला, संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारलं आणि खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तकं धाडली. आपल्याकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना आहे, शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, वाचून झाली की दुसरी येते. तेव्हा पिशवीची लाज बाळगू नकोस, तिचं घराणं मोठं आहे.

न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांचं काय करायचं, असंही विचारलंस ना? मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघ. दहा वर्षांत एकही शिक्का नाही, अशी पुस्तकं काढ. त्यातली खरंच टाकाऊ बाजूला कर, पण काही अशी निघतील की आपलाच जीव हळहळेल. मी ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, वर तीन शब्द लिहिले : ‘समुद्र, भांडखोर आजी’ किंवा ‘खून, पाऊस, बेळगाव’. पाटी लावली, ‘अंतरपाटाआडचं पुस्तक’. नाव न बघता न्यायचं, घरी जाऊन अंतरपाट काढायचा, पटलं नाही तर परत आणायचं, भांडण नाही. पेपरवाल्या आजोबांनी पहिलं नेलं. दहा पावलं चालले! खर्च एका दोऱ्याच्या रिळाचा.

आता शिपायाचं.

आमचे काका माझ्याआधीपासून होते. सातवी शिकलेले. कुलूप उघडायचं, झाडायचं, पेपर दांडीला लावायचे, पाणी भरायचं, कुलूप लावायचं. तुळशीचं लग्न झालं की गडी सकाळी स्टुलावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. मी ओरडायचे. तब्बल पाच वर्षं ओरडले गं, एकदा तर लेखी देण्याची धमकी दिली. मग एका रात्री माहेरच्या जत्रेत दशावतार बघायला बसले, आणि रंगमंचावर संकासुर आला तो आमचे काका! तोंडावर काळा बुरखा होता, तरी आवाज लपतो होय? पहाटेपर्यंत त्या माणसानं दोन-तीनशे लोकांना हसवलं. आणि दशावतारात लिहिलेली संहिता नसते बरं का, संवाद जागच्या जागी जुळवायचे असतात. हा माणूस रोज सकाळी माझ्यासमोर केरसुणी घेऊन उभा होता आणि मी त्याला ‘पंखा पुसा’ एवढंच सांगत होते.

मी त्यांना म्हटलं, शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवाल का? तर म्हणाले, “बाई, माका धड वाचूक येणा नाय. पण सांगूक येता.” मग आम्ही असं ठरवलं : गुरुवारी दुपारी दार उघडायच्या आधी अर्धा तास मी त्यांना एक गोष्ट वाचून दाखवायची, शनिवारी पाच वाजता ती त्यांनी मुलांना सांगायची. पुस्तक हातात धरून, मधली चित्रं दाखवत. पहिल्या शनिवारी तीन मुलं होती, त्यातला एक चिमुरडा काकांनी राक्षसाचा आवाज काढल्यावर असा भोकाड पसरून रडला की त्याची आई माझ्याशी भांडायला आली. कमिटीत विषय निघाला. पण पुढच्या शनिवारी तोच चिमुरडा आपल्या दोन चुलत भावांना घेऊन हजर! पावसाळा संपेपर्यंत बालविभागाची कोरी कार्डं संपली, मला झेरॉक्स काढून आणावी लागली.

आणि गंमत पुढेच आहे. गुरुवारचा अर्धा तास हळूहळू उलटा झाला. काका आधीच पुस्तक घरी नेऊ लागले, नातवाकडून वाचून घेऊ लागले, मग अडखळत स्वतः. आता कुणी बाई चिठ्ठी पाठवते तेव्हा मी नसले तरी काका पुस्तक काढून देतात, आणि बहुतेकदा माझ्यापेक्षा बरं. कुणाची सासू आजारी आहे, कुणाला रडकं नको, हे त्यांना ठाऊक असतं.

प्रशिक्षण म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? जिल्ह्याची कार्यशाळा, फाईल, पेन, जेवणात मठ्ठा, शेवटी प्रमाणपत्र. त्याला नावं ठेवत नाही मी, जिल्हा ग्रंथालय संघाच्या वर्गातच तर तू मला भेटलीस. तो वर्ग केलास ते चांगलंच झालं, पुढे जमलं तर मुक्त विद्यापीठातून पदवीही कर. पण वर्गीकरणाचा आकडा काढता येणं वेगळं आणि समोरच्याला काय द्यावं हे कळणं वेगळं. रंगनाथनांचे पाच सिद्धांत तू परीक्षेला घोकलेस. दुसऱ्यात ते वाचकाला पुस्तक मिळवून द्यायला सांगतात, तिसऱ्यात पुस्तकाला वाचक. हे दोन्ही तुझ्या शिपायाबरोबर अशाच एका अर्ध्या तासात करून बघ. एक नियम ठेव : पुस्तकाची गोष्ट सांगायची नाही, ते गावात कुणाला द्याल तेवढं सांगायचं. नाव घेऊन. बघ कशी माणसं डोळ्यांपुढे यायला लागतात.

आणि हो, कंटाळा येतो म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. खुद्द रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत रिकामं बसून इतके वैतागले की मला शिकवायला परत पाठवा म्हणून मागे लागले. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयं बघून या, मग ठरवा, असं त्यांना सांगितलं गेलं. परत आले ते ग्रंथालयासाठी वेडे होऊनच. तुला लंडन नको, एक दिवस सुट्टी काढून शेजारच्या तालुक्याचं वाचनालय बघून ये. काकांनाही घेऊन जा, म्हणजे तुझ्याकडचे जे कोण असतील त्यांना. भाड्याचे पैसे कमिटीकडून मंजूर करून घे.

संगणकाचं मी स्वतः घाबरत घाबरत शिकले, अभ्यासिकेतल्या एका मुलाकडून. त्याची फी कमिटीकडून माफ करून घेतली, त्यानं मला पुस्तकांच्या नोंदी करायला शिकवलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. बोटं दुखली, आलं.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगते, कारण हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. आपल्यासारख्या सगळ्यात खालच्या, ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षानुवर्षं सालाला ३० हजार रुपये सरकारी अनुदान होतं, त्यातले निम्मे पगाराला. बारानं भागून बघ. मध्ये ६० टक्के वाढ झाली, तरी आकडा बघून कुणी हुरळून जाईल असं नाही. म्हणून दोन गोष्टी. पदरचे पैसे घालू नकोस. मी पाच वर्षं घातले, कुणाला कळलंही नाही, उलट ‘बाई करतात सगळं’ अशी सवय लागली. दुसरं, प्रत्येक उपक्रमाचा आधी ठराव करून घे, इतिवृत्तात लिहून घे. तपासणीला माणूस येतो तेव्हा त्याला तुझा उत्साह दिसत नाही, कागद दिसतो. शनिवारच्या गोष्टीलाही मी हजेरीपत्रक ठेवलंय. मुलं सह्या करतात, चित्रं काढतात, काय वाट्टेल ते.

आणि वर्षाला वीस कार्यक्रम करू नकोस गं. जयंत्या-पुण्यतिथ्यांना फोटोला हार घाल, दोन मिनिटं उभी राहा, पुरे. पण एक दिवस आणि एक वेळ पक्की धर, आणि तीनच मुलं आली तरी मोडू नकोस. पाऊस असो, अध्यक्षांच्या घरी लग्न असो.

वाचन प्रेरणा दिनाला वक्ता आणू नकोस. त्याऐवजी उद्या कुलूप उघडायच्या आधी तुझ्या शिपायांना समोर बसव, चहा दे आणि विचार, ड्युटी संपल्यावर काय करता? भजन म्हणत असतील, मधमाश्या पाळत असतील, गावातल्या चार पिढ्यांची नाती तोंडपाठ असतील. काय निघेल ते मला रविवारी फोन करून सांग. शनिवारी पाचला करू नकोस, तेव्हा मी उचलत नाही.