मोठी कंपनी आली, आता आमचं काय?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं सुटे भाग बनवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. बड्या कंपन्या आल्या की सगळ्यांचं भलं होतं म्हणतात. खरंच होतं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : होतं, पण आपोआप नाही. नागपूरनं दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून कापूस पिकतो त्या मुलखात गिरणी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. तिनं १८९५मध्ये कामगारांना अपघात भरपाई दिली. देशात तसा कायदा आला १९२३ साली! १९०१मध्ये प्रॉव्हिडंट फंडही आला. छोट्या मालकाला हे झेपलं नसतं, मोठ्या भांडवलाची ही ताकद मी मनापासून मानतो. पण त्या एका भोंग्यावर कित्येक घरांच्या चुली अवलंबून होत्या. १९८६मध्ये गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२मध्ये बंद पडली. मोठ्यावर विसंबलेलं शहर त्याच्याबरोबर खाली येतं.

तुमचा धोका मात्र रोजचा आहे : थकलेली बिलं. उद्यम नोंदणी आजच करा, म्हणजे कायद्याचं संरक्षण मागता येईल. २००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे करता येते. आणि कंपनी कितीही नामांकित असो, सगळं काम एकाच गिऱ्हाइकाचं घेऊ नका.