खांद्याची कंडरा फाटली, ऑपरेशन लागेल?

प्रश्न : माझं वय ५६. दोन महिन्यांपासून उजवा खांदा दुखतोय. फळीवरचा डबा काढताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. एमआरआयमध्ये ‘सुप्रास्पिनेटस टेंडन अर्धवट फाटलं आहे’ असं आलंय. ऑपरेशन करावं लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे टेंडन, दंडाच्या हाडाचा गोल खोबणीत धरून ठेवतात. त्यांतली सर्वांत वरची सुप्रास्पिनेटस. हाडांमधल्या चिंचोळ्या जागेतून जाणारी ही कंडरा वयानुसार झिजते. साठीनंतर कित्येकांची ती फाटलेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो! म्हणून रिपोर्टपेक्षा हात काय करू शकतो, हे मी आधी पाहतो.

उपाय म्हणजे फिजिओथेरपी, साधारण तीन महिने, नेमाने. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश सावरते. व्यायामाने चीर सांधतेच असं नाही, पण बाकीचे स्नायू भार उचलायला शिकतात. थोडं दुखलं तर चालेल. रात्रभर ठणकलं तर व्यायाम कमी करा. हात गळ्यात बांधून बसू नका, खांदा आखडतो. मधुमेह असेल तर हा धोका जास्त. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने तात्पुरता आराम पडतो, पण ती वारंवार घेतल्यास कंडरा कमजोर होते. मालिशवाल्याकडून खांदा ओढून घेणं तर नकोच.

मात्र पडल्यानंतर हात अचानक वर उचलेनासा झाला, तर थांबू नका, लगेच अस्थितज्ज्ञांना दाखवा.