गरोदरपणातील उदासी आणि अंगातील दाह

नागभीडकडे धानाची रोवणी सुरू झाली, की घरी बसून राहणारी गरोदर सून सगळ्यांच्या डोळ्यांत येते. ती नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही, बोलायला गेले तर रडते. कोणी तिला आळशी म्हणते, कोणी ‘बाहेरचे लागले’ म्हणून अंगारा आणते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे चालते, म्हणून लिहावे लागते.

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते. शरीर जंतूंशी लढत असते. यालाच दाह म्हणतात. तो चार दिवसांत शमला तर बरेच. पण आत कुठे संसर्ग महिनोन्‌महिने राहिला, तर दाहाची रसायने रक्तात फिरत राहतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. डाळ, अंडी, दूध यांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर सेरोटोनिन बनवते. मन ताळ्यावर ठेवायला त्याची मदत होते. दाह वाढला की ट्रिप्टोफॅन दुसऱ्या वाटेने खर्च होतो व मेंदूच्या पेशींना त्रासदायक पदार्थ तयार होऊ शकतात. अमेरिकेत मिशिगनमध्ये ११४ गरोदर स्त्रियांचे रक्त वेळोवेळी तपासले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या बदलांचा नैराश्याशी संबंध दिसला.

प्रत्येक उदासी दाहामुळेच येते असे मात्र नाही. नवऱ्याची दारू, मारहाण, ‘मुलगाच पाहिजे’ हा धाक, ही कारणे रक्ततपासणीत दिसत नाहीत.

आता आपल्या भागाचे पाहू. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, त्यात संसर्ग फार. याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. अभ्यास गरोदरपणातील मनाविषयी नव्हता, पण बाया किती दुखणे मुकाट्याने अंगावर काढतात ते त्यातून कळले.

तेव्हा वास येणारे पांढरे पाणी, लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, हे लाजेने लपवू नये. लघवी आणि मलेरियाची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तोही दाहच. खर्रा खाणाऱ्या बायांनी हे विशेष ऐकावे, आणि त्यांच्यासाठी पुडी आणणाऱ्या घरधन्यांनीही. आपल्या समाजात सिकलसेल बराच आहे. तो असेल तर पहिल्या महिन्यांतच डॉक्टरांना सांगावे. सूज उतरवायची गोळी मात्र दुकानातून परस्पर घेऊ नये. गरोदरपणात काही गोळ्या बाळाला बाधतात.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भरपगारी रजेची बाजू मांडली होती. आपल्या घरातल्या गरोदर बाईला चिखलातल्या कामातून सुटी द्यायला कायदा लागत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल तर आशाताईंना सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. तिथे शरीराच्या तक्रारींसोबत मनाचेही बोला. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल तर ९ तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, बाईला एकटी सोडू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्रीही फोन लागतो. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.