यंत्र आणि रुग्ण यांच्यामध्ये उभा असलेला शास्त्रज्ञ

शास्त्र शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींना पुढे काय होणार असे विचारले, तर डॉक्टर किंवा इंजिनियर ही दोनच उत्तरे बहुधा ऐकावयास मिळतात. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्याकडे तर घरची माणसेही काळजीने पाहू लागतात. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. विज्ञानाचा आमचा अभ्यास वाचनापुरताच आहे. परंतु कर्करोगाच्या रुग्णांसोबत रुग्णालयात बसण्याचे प्रसंग आमच्यावर आले, आणि तेथे डॉक्टर व इंजिनियर यांच्याखेरीज एक तिसरा माणूस आहे हे ध्यानात आले. त्या तिसऱ्या माणसाची, विशेषतः यंत्र बनविणारी कंपनी व रुग्णालय यांना जोडणाऱ्या संशोधन सहकार्य शास्त्रज्ञाची, ओळख प्रस्तुत लेखात करून देण्याचा विचार आहे.

किरणोपचार म्हणजे काय?

विल्हेल्म रोंटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. शरीरातून आरपार जाणारे हे किरण पेशींना इजा करतात हे लवकरच दिसून आले आणि त्यातूनच कर्करोगावरील उपचाराची कल्पना पुढे आली. १९५१ साली कॅनडामध्ये कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाचा उपयोग करणारी यंत्रे सुरू झाली. १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रेषीय त्वरकाने, म्हणजे आज ज्याला रुग्णालयात ‘लिनॅक’ म्हणतात त्या यंत्राने, उपचार सुरू झाले. लिनॅकमध्ये इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देऊन ते धातूच्या चकतीवर आदळवितात व त्यातून शक्तिमान क्ष-किरण निर्माण होतात.

किरण गाठीच्या पेशी मारतात, तसे शेजारच्या निरोगी पेशींनाही मारतात. म्हणून सगळी मात्रा एकदम न देता पुष्कळदा रोज सुमारे २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, अशी काही आठवडे देतात. ग्रे हे मात्रा मोजण्याचे एकक आहे. मात्रा कमी पडली तर रोग राहतो आणि जास्त झाली तर रुग्ण भाजतो. शिवाय हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वासही नाही. चूक झाली तरी त्या क्षणी ती कोणाच्या नजरेस येईलच असे नाही. याच कारणामुळे या क्षेत्रात मोजणाऱ्या माणसाला एवढे महत्त्व आहे.

एका अपघातमालिकेचा धडा

थेरॅक-२५ या यंत्राची हकिकत प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. कॅनडातील सरकारी अणुऊर्जा कंपनीने ते बनविले होते. जुन्या यंत्रांत धोका टाळण्यासाठी असलेले यांत्रिक अडसर यात काढून टाकले होते व त्यांचे काम संगणकाच्या आज्ञावलीवर सोपविले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्राकडून सहा रुग्णांना भयंकर प्रमाणात जादा मात्रा दिली गेली. त्यांतील काही जण दगावले.

टेक्सास राज्यातील टायलर गावी मार्च १९८६ मध्ये असाच अपघात झाला. यंत्राच्या पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढीच अक्षरे उमटली. कंपनीचे तंत्रज्ञ आले, त्यांनी तपासणी केली, पण तो बिघाड त्यांना पुन्हा घडवून दाखविता आला नाही. जादा मात्रा जाणे शक्यच नाही असे सांगण्यात आले आणि यंत्र पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण भाजला. पुढे हे दोन्ही रुग्ण मरण पावले.

या वेळी रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र बंद केले. ज्या बाई ते चालवीत होत्या त्यांना सोबत घेऊन नेमके काय केले होते ते ते पुन्हापुन्हा करून पाहू लागले. शेवटी कोडे उलगडले. त्या बाईंकडून एक अक्षर चुकीचे टंकित झाले होते व सरावामुळे त्यांनी ते फार चपळाईने दुरुस्त केले होते. यंत्रातील चुंबकांची मांडणी होण्यास सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या वेळात दुरुस्ती झाली तर पडद्यावर नवी आज्ञा दिसे, परंतु यंत्र आतून अर्धवट जुन्याच आज्ञेवर राही. कंपनीची माणसे अक्षरे सावकाश टंकित करीत होती, म्हणून त्यांना दोष सापडत नव्हता.

या हकिकतीचा बोध काय? यंत्र बनविणाऱ्याला त्याचे अंतरंग माहीत असते, तर वापरणाऱ्याला त्याचा रोजचा स्वभाव माहीत असतो. ही दोन ज्ञाने एकत्र आली नाहीत तर मध्ये रुग्ण सापडतो. या दोघांना एका टेबलाशी बसविणारा माणूस ही चैन नसून गरज आहे.

युट्रेक्टचा प्रयोग

असे सहकार्य नीट झाले म्हणजे काय घडते याचे उदाहरण नेदरलँड्समधील युट्रेक्ट येथे पाहावयास मिळते. श्वासोच्छ्वास चालतो, मूत्राशय भरते, आतडी हलतात, त्यामुळे पोटातील गाठ रोज एकाच जागी राहत नाही. म्हणून उपचार चालू असतानाच एम.आर.आय.ने गाठ पाहता आली तर? हा प्रश्न युट्रेक्टच्या विद्यापीठ रुग्णालयातील यान लागेनडाइक व बास राइमाकर्स या भौतिकशास्त्रज्ञांनी हाती घेतला. ऐकावयास सोपी अशी ही कल्पना करावयास मात्र अवघड होती. एम.आर.आय. म्हणजे प्रचंड चुंबक, आणि लिनॅकमधील इलेक्ट्रॉन चुंबकापाशी आले की आपली वाट सोडतात. उलट लिनॅकच्या रेडिओ लहरी एम.आर.आय.चे चित्र बिघडवितात.

रुग्णालयाने एलेक्टा ही किरणोपचार यंत्रे बनविणारी स्वीडनची कंपनी आणि चुंबक बनविणारी फिलिप्स कंपनी यांच्याशी हातमिळवणी केली. चुंबकाची रचना अशी बदलली की त्याभोवतीच्या एका पट्ट्यात चुंबकत्व अगदी क्षीण व्हावे. लिनॅक त्या पट्ट्यात एका फिरत्या कड्यावर बसविला. २००९ साली पहिला नमुना तयार झाला. २०१२ साली युट्रेक्ट, ॲमस्टरडॅम, लंडन, मँचेस्टर, टोरांटो, ह्यूस्टन व मिलवॉकी येथील सात कर्करोग केंद्रांचा कंपनीसह एक संघ बनला. रुग्णावर पहिला उपचार झाला तो मे २०१७ मध्ये.

पहिले रुग्ण कसे निवडले ते विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. या यंत्राचा खरा उपयोग मऊ अवयवांसाठी होता, तरीही कमरेच्या मणक्यात कर्करोग पसरून वेदना होत असलेले चार रुग्ण प्रथम घेण्यात आले. हाड क्ष-किरणांच्या चित्रातही स्पष्ट दिसते. त्यामुळे एम.आर.आय.ने दाखविलेली जागा बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने पडताळता आले. बँकेत एकाने मोजलेली रोकड दुसरा मोजतो, ती पहिल्यावर अविश्वास म्हणून नव्हे. विश्वासाला आधार असावा म्हणून. तोच हा न्याय. यंत्राची अचूकता एक मिलिमीटरच्या आत भरली, आणि मगच पुढची पावले टाकण्यात आली.

या शास्त्रज्ञाचे रोजचे काम

संशोधन सहकार्य शास्त्रज्ञ हा बहुधा कंपनीचा नोकर असतो, पण त्याचे बरेचसे काम रुग्णालयात चालते. डॉक्टर अडचण सांगतात ती रुग्णाच्या भाषेत. इंजिनियरला ती आकड्यांत व रेखाटनांत हवी असते. हे रूपांतर करणे ही त्याची पहिली जबाबदारी. नंतर संशोधनाचा करार, नीतिविषयक समितीची मान्यता, रुग्णाची लेखी संमती आणि माहितीतून रुग्णाचे नाव काढून टाकणे या गोष्टी रुग्णालयाबरोबर पार पाडाव्या लागतात. प्रत्यक्ष रुग्णाआधी पाण्याच्या टाकीत किंवा मानवी शरीरासारख्या पुतळ्यात मात्रा मोजतात. युट्रेक्टच्या यंत्रात तर मोजणारे उपकरणच चुंबकामुळे वेगळा आकडा दाखवी. म्हणून आधी उपकरणाची दुरुस्तीसंख्या ठरवावी लागली, मग यंत्राची परीक्षा.

सर्वांत अवघड काम मात्र निराळेच आहे. पगार कंपनीचा, आणि प्रयोगाचा निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला तर? अशा वेळी तो निकाल जसाच्या तसा कळविणे, हीच या कामाची खरी कसोटी होय. टायलरमध्ये ‘शक्यच नाही’ या एका उत्तराची किंमत दुसऱ्या रुग्णाला मोजावी लागली, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडील वाट

हे सारे परदेशातच चालते असे समजण्याचे कारण नाही. आयात यंत्रे महाग पडतात म्हणून मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र तयार केले. त्याचे पहिले यंत्र खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत बसविण्यात आले. नंतर ते तंत्रज्ञान बंगळुरूच्या कंपनीकडे देण्यात आले, आणि व्हिएतनामसारख्या देशालाही असे यंत्र भारताने भेट दिले. मुंबईच्याच ‘समीर’ या संस्थेने बनविलेला लिनॅक सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसविला गेला. या प्रत्येक कामात यंत्र घडविणारे आणि रुग्ण तपासणारे यांना एकत्र यावेच लागले.

विद्यार्थ्यांसाठी मार्ग असा. बारावीला भौतिकशास्त्र व गणित पक्के करावे. बी.एस्सी. भौतिकशास्त्र, मग एम.एस्सी., आणि त्यानंतर किरणोपचार भौतिकीची पदविका; किंवा थेट वैद्यकीय भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी. भाभा केंद्राने ही पदविका १९६२ साली सुरू केली. शिक्षणानंतर रुग्णालयात किमान बारा महिन्यांची उमेदवारी करावी लागते. रुग्णालयात काम करण्यासाठीची पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे ठरते. नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून प्रवेशापूर्वी मंडळाची ताजी माहिती अवश्य पाहावी. काही वर्षे रुग्णालयाचा अनुभव आणि शक्य तर पीएच.डी. झाली, की संशोधन सहकार्याचे दार उघडते. संगणकाची आज्ञावली लिहिता येणे आणि स्वच्छ शब्दांत अहवाल लिहिता येणे या दोन गोष्टी फार उपयोगी पडतात.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, एकदा उपचार केंद्राबाहेर आम्ही आमच्या रुग्णासह तासभर ताटकळलो होतो. यंत्राची तपासणी चालू आहे एवढेच उत्तर मिळाले आणि आम्ही मनात रागावलो. आज तो राग आठवला की संकोच वाटतो. बंद दाराआड कोणीतरी आकडा पुन्हा मोजत होता, आणि तो आकडा आमच्याच माणसाचा होता. आपल्या वस्तीतील एखादी मुलगी वा मुलगा उद्या त्या दाराआड उभा राहिला, आणि खात्री पटेपर्यंत ‘अजून सुरू करू नका’ असे म्हणू शकला, तर भौतिकशास्त्र शिकल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.