किरकोळ माल आणि थांबत जाणारी मालगाडी

शाहूवाडी तालुक्यातून लोहमार्ग जात नाही. मलकापूरच्या शेतकऱ्यास कोल्हापूरचे स्थानक सुमारे ४५ किलोमीटर पडते. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग संस्थानी काळात, १८९१ साली सुरू झाला. पुढे १८९५ साली शाहूपुरी पेठ वसली आणि गुळाच्या व्यापारास रेल्वेचा आधार मिळाला.

मोठा व्यापारी पुरी वाघीण भरी. परंतु ज्याच्याजवळ गुळाचे दहापाच रवे किंवा भाताची चार पोती, त्याने काय करावे? अशा किरकोळ मालासाठी रेल्वेची निराळी व्यवस्था असे. लहान स्थानकांवर थांबत जाणाऱ्या मालगाडीतील एका वाघिणीत अनेकांचा माल एकत्र भरला जाई व वाटेतील स्थानकांवर उतरविला जाई. पुरी वाघीण मागविली असल्यास इंजिन गाडीपासून सुटून रिकामी वाघीण मालधक्क्यास लावी आणि भरलेली जोडून नेई. ठरलेल्या मुदतीत वाघीण भरली वा रिकामी केली नाही, तर डेमरेज पडे. ही गाडी सावकाश चाले हे खरे. पण लहान गावास मोठ्या पेठेशी जोडण्याचे काम तिने केले.

कोल्हापूरचा मार्ग तेव्हा मीटर गेजचा होता. मुंबईकडे जाणारा माल पुण्यास ब्रॉड गेजच्या वाघिणींत चढवावा लागे. या चढउतारात रवे फुटत. ओल लागल्यास गूळ पाझरे. म्हणून बांधणी पक्की हवी असे. १९७१ च्या सुमारास मार्ग रुंद झाला व ही अडचण संपली.

तथापि पुढे रेल्वेने किरकोळ मालाऐवजी संपूर्ण गाडीभर मालावर भर दिला. अशा एका गाडीस सुमारे ४० वाघिणी, म्हणजे अडीच हजार टनांहून अधिक माल लागतो. तो एका गावाने कोठून आणावा? लहान माल साहजिकच ट्रककडे गेला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली, तेव्हा थोडा नाशवंत मालही स्वीकारण्यात आला. हा जुन्या सोयीचाच नवा अवतार म्हणावा लागेल.

ग्रामसेवकांनी एका पेठेस जाणारा माल एकत्र करण्यास शेतकऱ्यांस साह्य करावे. प्रत्येक नगावर पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव आणि पोहोचण्याचे ठिकाण ठळक लिहावे. पोत्यावरील जुन्या खुणा पुसून टाकाव्यात. पावतीवरील नगांची संख्या व वजन तेथेच ताडून पाहावे, आणि पावती जपून ठेवावी. नुकसानीची मागणी करताना तीच प्रथम मागितली जाते.