आर्चबिशप क्लेटन यांची सही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका ख्रिस्ती धर्माध्यक्षावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावर मला निबंध लिहायचा होता. त्यासाठी पुस्तके धुंडाळताना ग्रंथालयात एक जाडजूड चरित्र हाती लागले. लेखक अ‍ॅलन पेटन, साल १९७३, नाव ‘अपार्थाइड अँड द आर्चबिशप’. हे पेटन म्हणजे ‘क्राय, द बिलव्हड कंट्री’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. निबंध मी शेवटी घाईघाईने उरकला, पण हे चरित्र मात्र दोनदा वाचले.

इंग्रजांचे राज्य जिथे जिथे गेले, तिथे त्यांच्यामागोमाग त्यांचे अँग्लिकन चर्चही गेले. आपल्या बेळगावच्या कॅम्पातले दगडी सेंट मेरी चर्च मुळात याच पंथाचे. या पंथात एका धर्मप्रांताचा प्रमुख तो बिशप आणि अनेक बिशपांवरचा वडीलधारा तो आर्चबिशप. केपटाऊनचा आर्चबिशप हा दक्षिण आफ्रिकेतील सर्व अँग्लिकनांचा प्रमुख. १९४९ ते १९५७ या काळात या पदावर होते जेफ्री हेअर क्लेटन.

त्यांचा जन्म १८८४ चा, इंग्लंडमधला. वडीलही बिशप होते. रग्बीची शाळा, मग केंब्रिज, पहिल्या महायुद्धात सैन्यातील धर्मगुरू, पुढे १९२४ पासून दहा वर्षे चेस्टरफील्ड या गावी चाकरी. इथपर्यंतचे आयुष्य कोणत्याही सुखवस्तू इंग्रज धर्मगुरूचे असावे तसेच आहे. लग्न त्यांनी केले नाही. स्वभाव भिडस्त, पण राग नाकाच्या शेंड्यावर. १९३४ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांना जोहान्सबर्गचे बिशप म्हणून पाठवण्यात आले. या शहरात सोन्याच्या खाणी होत्या आणि त्या खाणींत राबणाऱ्या काळ्या माणसांना शहरात हक्काने राहण्याची मुभा नव्हती. याच शहरात ११ सप्टेंबर १९०६ रोजी एम्पायर थिएटरमध्ये हिंदी लोकांनी अन्यायी कायदा न पाळण्याची शपथ घेतली होती.

क्लेटन मात्र कायदा मोडणाऱ्यांतले नव्हते. अन्याय त्यांना दिसत नव्हता असे नाही. १९४१ मध्ये त्यांनी आपल्या धर्मप्रांतात एक समिती नेमली. देशातील काळ्या-गोऱ्यांच्या संबंधांबद्दल चर्चने काय म्हणावे हे तिने ठरवायचे होते. या समितीत पेटन सभासद होते आणि तिथे बसून आपले डोळे उघडले, असे ते पुढे सांगत. पण समितीचा अहवाल काढणे वेगळे आणि रस्त्यावर उतरणे वेगळे. क्लेटन यांच्या मते चर्चचे पहिले काम उपासना. अन्याय दिसला तर तो स्पष्ट शब्दांत सांगावा, पण राजकीय चळवळ चर्चने चालवू नये.

आणि नेमके त्यांच्याच हाताखाली दोन वादळी धर्मगुरू होते. पहिले मायकेल स्कॉट. हे पूर्वी मुंबईच्या बिशपांकडे धर्मगुरू म्हणून नोकरीला होते. १९४६ साली हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर बंधने घालणारा कायदा झाला, तेव्हा डर्बनमध्ये हिंदी लोकांनी सत्याग्रह केला. स्कॉट त्यात सामील झाले आणि तीन महिने तुरुंगात गेले. दुसरे ट्रेव्हर हडलस्टन. सोफियाटाऊन या काळ्यांच्या वस्तीत ते राहत, आणि १९५५ मध्ये सरकारने ती वस्ती उठवायला घेतली तेव्हा ते लोकांच्या बाजूने उभे राहिले. दोघांवरही क्लेटन नाराज होते. हडलस्टन यांचे जाहीर लेखन त्यांना बेशिस्तीचे वाटे, आणि हडलस्टन यांना चर्चचे मौन सहन होत नसे. सीमाभागात वाढलेल्या मुलाला सत्याग्रह हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. त्यामुळे या भांडणात मी अर्थातच हडलस्टन यांच्या बाजूला होतो, आणि क्लेटन यांचा मला राग येत होता.

तो राग शाळांच्या प्रकरणात आणखी वाढला. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांचे शिक्षण सरकारने आपल्या हाती घेतले. काळ्या मुलाला त्याच्या ‘पायरी’पुरतेच शिकवावे, हे धोरण. यातल्या बऱ्याच शाळा मिशनांच्या होत्या. त्यांच्यापुढे प्रश्न आला की शाळा सरकारला द्यायच्या, की अनुदानावर पाणी सोडून चालवायच्या, की बंद करायच्या. अनुदान थांबले की शाळेचे काय होते, हे मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या मला समजावून सांगायला नको. क्लेटन आणि बहुतेक बिशपांनी इमारती सरकारच्या हवाली करायचे ठरवले. मुले रस्त्यावर भटकण्यापेक्षा निकृष्ट शिक्षण परवडले, हा त्यांचा हिशेब. जोहान्सबर्गचे नवे बिशप अ‍ॅम्ब्रोज रीव्हज यांनी मात्र शाळा बंद केल्या, पण हवाली केल्या नाहीत. कोण बरोबर? पहिल्या वाचनात मी रीव्हज म्हणालो. दुसऱ्या वाचनात त्या बंद दारासमोर पाटी-दप्तर घेऊन उभ्या असलेल्या मुलाचा विचार आला, आणि माझे उत्तर तितके ठाम राहिले नाही.

आता १९५७ कडे येऊ. डॉ. फेरवुर्ड हे तेव्हा काळ्यांच्या कारभाराचे मंत्री होते. त्यांनी एक दुरुस्ती विधेयक मांडले. त्यातील २९ (क) हे कलम असे होते की, गोऱ्यांच्या वस्तीतील चर्चमध्ये काळ्या माणसाला उपासनेला येऊ द्यायचे तर सरकारची परवानगी लागावी. म्हणजे देवाच्या दारात कोणाला घ्यायचे हे मंत्री ठरवणार. जन्मभर ‘कायदा पाळा’ म्हणणारा हा बहात्तर वर्षांचा गृहस्थ इथे थांबला. काही बिशपांशी विचारविनिमय करून पंतप्रधान स्ट्रेडम यांना पत्र तयार झाले. त्याचा आशय असा की, हे विधेयक कायदा झाले तर आम्ही तो पाळू शकणार नाही, आणि आमच्या धर्मगुरूंना व लोकांना तो पाळा असे सांगूही शकणार नाही.

सर्व बिशपांच्या वतीने त्यावर सही एकट्या क्लेटन यांची. आमच्या व्यापारी कायद्याच्या तासाला प्रतिनिधी आणि मालक यांचे नाते शिकवतात. प्रतिनिधीने अधिकारात राहून केलेल्या सहीने मालक बांधला जातो आणि प्रतिनिधी सहसा मोकळा राहतो. इथे उलट होते. सही बिशपांच्या वतीने असली तरी तुरुंगात पहिला जाणार होता तो सही करणारा. क्लेटन यांना हे पुरते ठाऊक होते. तुरुंगात जाण्याची आपली इच्छा नाही, पण वेळ आली तर जाईन, असे त्यांनी रीव्हज यांना बोलून दाखवले होते. या कबुलीमुळेच हा माणूस मला जवळचा वाटू लागला. तुरुंगात हसत जाणाऱ्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. हा म्हातारा घाबरलेला होता.

सही झाली तो दिवस ६ मार्च १९५७, राखेचा बुधवार. या दिवशी ख्रिस्ती लोक कपाळाला राख लावून आपण मातीचे आहोत याचे स्मरण करतात. दुसऱ्याच दिवशी केपटाऊनच्या बिशप्सकोर्ट या निवासस्थानी क्लेटन यांचे हृदयविकाराने निधन झाले.

हा लेख मी आमच्या एका सरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “अरे, लोकांची घरे गेली, जमिनी गेल्या, शाळा गेल्या, तेव्हा हे सही करायला बसले नाहीत. स्वतःच्या दाराशी आल्यावर बसले.” आक्षेप खरा आहे आणि तो मला खोडता आला नाही. सरांना मी इतकेच म्हणालो की स्कॉट, हडलस्टन यांना सरकार बंडखोर म्हणून बाजूला सारू शकत होते. क्लेटन यांना कोणी बंडखोर म्हटले असते तर खुद्द मंत्र्यांनाही ते पटले नसते. सर हसले, पण त्यांनी मान डोलावली नाही.

विधेयक १९५७ मध्येच संमत झाले. विरोध पाहून फेरवुर्ड यांनी कलमाचे शब्द बदलले होते, आणि तो बदल पाहण्यासारखा आहे. आता सरसकट परवानगी नको. मंत्र्याने मनाईचा हुकूम काढला तरच काळ्या माणसाने त्या चर्चमध्ये जायचे नाही. आणि तो गेलाच, तर गुन्हा बिशपाचा नव्हे, आत येऊन गुडघे टेकणाऱ्या त्या माणसाचा.