स्थलांतराच्या दिवसांत बालकांची काळजी



दिवाळी सरली व भात घरात आले, की वाशिंद, शहापूर व मुरबाड ह्या बाजूचे कितीतरी पाडे ओस पडू लागतात, ही गोष्ट आपणांस नवी नाही. मुकादमाकडून उचल अगोदरच घेतलेली असते. ती फेडण्याकरिता कातकरी व ठाकूर कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई ह्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती उन्हाळा संपत आला म्हणजे परततात. जाताना पातेली, पांघरुणे, कोंबड्या, फार काय पण कुत्रेसुद्धा बरोबर जाते. एक वस्तू मात्र पुष्कळदा आढ्याला खोचलेली तशीच राहते. ती म्हणजे बाळाचे कार्ड. त्या कार्डाविषयी व वाटेत लागणाऱ्या इतर कागदांविषयी ह्या पाठात विचार करावयाचा आहे. उपदेशक बंधूंनी हा पाठ दिवाळीपूर्वीच वाचून दाखवावा. मागाहून वाचल्यास ऐकावयास कोणी उरत नाही.

माझ्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. एका पाड्यावरचे सात महिन्यांचे मूल आईबापांबरोबर भट्टीवर गेले. तोपर्यंतच्या सर्व लसी त्यास वेळेवर टोचल्या होत्या. नवव्या महिन्याची लस पौषात यावयाची होती. भट्टीवर परिचारिका आली तेव्हा आईने, “सुया झाल्यात,” असे सांगितले. ती खोटे बोलली नाही. तिला आठवत होत्या तेवढ्या झाल्याच होत्या. कार्ड पाहावे तर ते गावी, कुडाच्या घरात. पुढे महिन्याभराने मुलास गोवर निघाला व त्यातून छाती भरली. बाप त्याला रात्री दवाखान्यात घेऊन गेला, पण फार उशीर झाला होता. ते कार्ड मी नंतर पाहिले. त्यात नवव्या महिन्याची जागा कोरी होती.

ज्यांना ही गोष्ट क्वचित घडणारी वाटते त्यांनी २०२२ सालच्या अखेरीची आठवण करावी. त्या वेळी मुंबईत गोवंडीकडे, भिवंडीत व मालेगावात गोवराची मोठी साथ आली व बालके दगावली. त्यांपैकी अनेकांना लस मिळालेली नव्हती. साथीच्या भागात नऊ महिने न भरलेल्या बालकांनाही एक जादा डोस देण्याची सूचना सरकारला करावी लागली. आपली कुटुंबे जातात ती त्याच भिवंडीच्या आसपास, हे विसरू नये. गोवराची लस दोनदा घ्यावयाची असते: एकदा नऊ महिने पूर्ण होताच, व दुसऱ्यांदा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. पहिल्या डोसाने प्रत्येक बालकात पुरती शक्ती येतेच असे नाही, म्हणून दुसरा. गोवर म्हणजे देवीचा फेरा, त्यावर औषध करू नये, ही जुनी समजूत अजून काही घरी आहे. ती बाळगणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या मुलास लस टोचून आणावी.

आता कार्डातील दुसरी बाजू पाहू, ती वजनाची. जन्मवेळी अडीच किलोपेक्षा कमी असलेले बालक अशक्त समजावे व त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब द्यावी. निरोगी बालकाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवेळच्या दुप्पट व वर्ष भरताना तिप्पट होते. कार्डावरील रेघ वर चढत असेल तर बाळ वाढत आहे. ती दोन महिने आडवी राहिली तर बाळ दिसावयास हसरे असले तरी काही चुकते आहे. आपल्या आयाबाया म्हणतात, “मूल खेळतंय की!” पण उपासमार मुलाच्या खेळात उशिरा दिसते, काट्यावर आधी दिसते. वजनाबरोबर वाढीच्या खुणाही पाहाव्या. दोन महिन्यांच्या सुमारास बाळ माणूस पाहून हसते, चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते, आठव्याच्या सुमारास आधारावाचून बसते व दीड वर्षाच्या आत चालू लागते. ह्यांपैकी एखादी खूण फारच लांबली तर आशाताईला किंवा डॉक्टरास दाखवावे. “बापही उशिरा चालला होता,” एवढ्यावर समाधान मानू नये.

भट्टीवर वजन का घटते, हेही उघड आहे. आई पहाटेच्या अंधारात विटा थापावयास बसते आणि बाळ झोळीत पडून राहते. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही, पाणीसुद्धा, द्यावयाचे नाही. मग दूध पाजण्यापुरते काम थांबवावेच लागते, आणि हे बोलणे बापाने मुकादमाशी आधीच करून ठेवावे. ते आईवर सोपवू नये. सहा महिन्यांनंतर नाचणीची दाट पेज, मऊ भात व वरण, त्यावर चमचाभर तेल, असे दिवसातून तीनचार वेळा भरवावे. पातळ पाण्यासारख्या पेजेने पोट भरते, अंग भरत नाही. मूल तिथल्या अंगणवाडीत घालता येते. गावच्या अंगणवाडी सेविकेस निघण्यापूर्वी सांगितल्यास पोषण ट्रॅकरमधून त्याचे नाव तिकडे वर्ग होऊ शकते. रेशनही आता दुसऱ्या गावच्या दुकानात मिळते, म्हणून शिधापत्रिका बरोबर असावी.

धूळ व धूर ह्यांमुळे भट्टीवर खोकला नेहमीचाच. त्यातील कोणता खोकला प्राणावर बेतणारा, हे ओळखण्यास शिकलेला मनुष्यच लागतो असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. अंक न येणाऱ्या सुइणींकरिता त्यांनी मण्यांचे एक साधे श्वासमापक बनविले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा, व मिनिटात किती मणी सरकले ह्यावरून न्यूमोनिया ओळखावयाचा. पुढे त्यांनी गावच्या स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घ्यावयास शिकविले आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली तो वृत्तांत ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात आला. आज बाळंतपणानंतर आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येते, त्या पद्धतीचे मूळ ह्याच कामात आहे. त्यापूर्वी, १९७० पासून, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने जामखेडला हाच विश्वास अक्षरशत्रू स्त्रियांवर टाकला होता.

तर श्वास मोजावयाचा तो असा. मूल शांत किंवा निजलेले असता पोट वरखाली होताना पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बालकात साठ किंवा अधिक, वर्षाच्या आत पन्नास किंवा अधिक, व पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास झाले, तर दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, किंवा मूल पिणे सोडील, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. वर्षाच्या आतील बाळासाठी १०२ वरही सरकारी गाडी मिळते. जुलाब लागल्यास एका लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात ओआरएसची एक पुडी विरघळवून थोडेथोडे पाजावे, जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्या, व अंगावरचे दूध चालू ठेवावे.

आता प्रवासाविषयी, कारण तेथे आपण फारच निष्काळजी आहो. मुकादम रात्री ट्रक किंवा टेंपो पाठवितो आणि सामानावर माणसे बसतात. माल वाहणाऱ्या गाडीवर असे बसलेल्यांना त्या गाडीच्या विम्याचा आधार सहसा मिळत नाही, हे मुकादम सांगत नाही. सामान टेंपोने जाऊ द्यावे. आया व मुले एस.टी.ने किंवा आसनगाव, वाशिंदहून लोकलने जावी. पाच वर्षांच्या आतील मुलास रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मोठ्यांनी ते अवश्य काढावे. रेल्वे कायद्याप्रमाणे खऱ्या उतारूचा गाडीच्या अपघातात किंवा गाडीतून पडून मृत्यू झाला तर वारसांना ८ लाख रुपये भरपाई मिळते (हा दर २०१७ पासूनचा आहे), आणि तो उतारू खरा होता हे दाखविण्यास तिकिटासारखा पुरावा नाही. रूळ ओलांडताना झालेल्या अपघातास मात्र हा आधार नाही. वाशिंदच्या किती जणांनी हे ध्यानात घ्यावे, ते मी येथे लिहीत नाही.

दुसरा विमा इस्पितळाचा. आयुष्मान भारत योजना २०१८ पासून चालू असून तिच्यात पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. हे कार्ड आपल्या जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेरही, योजनेतील इस्पितळांत चालते. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिला जोडलेली आहे. परंतु हा आधार इस्पितळात दाखल झाल्यावरचा आहे. रस्त्यावरच्या दवाखान्यातील सुईचे पैसे त्यातून मिळत नाहीत. बाळाचे नाव शिधापत्रिकेवर चढविले आहे की नाही, हे निघण्यापूर्वी पाहावे.

बाळंतपण भट्टीवरच होणार असेल तर जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे. जन्माची नोंद जेथे जन्म झाला त्याच ठिकाणी होते, व २१ दिवसांच्या आत केल्यास तिला पैसे पडत नाहीत. गावी परतल्यावर करू, असे म्हणून राहिलेल्या नोंदी मी शाळाप्रवेशाच्या वेळी पाहिल्या आहेत. तेव्हा बाप तहसीलच्या पायऱ्या झिजवीत असतो.

उपदेशकांनी घरोघरी जाताना चार कागद मागून पाहावे: बाळाचे कार्ड, शिधापत्रिका, आरोग्य कार्ड व आधार. ते एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या गाठोड्यात ठेववावे. बापाच्या खिशात ते भिजतात, किंवा मुकादमाकडे गहाण पडतात. मोबाइलमध्ये कार्डाचे चित्र काढून ठेवले तर आणखी बरे. पुढची लस कोणत्या तारखेला, ते तिथीने सांगावे, म्हणजे आईच्या लक्षात राहील. परतल्यावर, घर शाकारण्याच्या आधी, मूल काट्यावर घालावे.